धुळ्याच्या दोन लाइनी

शालिग्राम पाटलाला कुणाचा हेवा वाटत नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. जळगावात नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं संगणक-टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, निविदांचे अर्ज, पतसंस्थांचे अहवाल, असली कामं. समोरच तसलंच दुसरं दुकान निघालं तेव्हा तो उद्घाटनाला नारळ घेऊन गेला होता, आणि ही गोष्ट पुढे तीन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. ज्याला खरंच हेवा वाटत नाही त्याला इतकं सांगावं लागत नाही, हे त्याची बायको पुष्पा ओळखून होती. पण ती गप्प बसायची. नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं की तो जेवताना भाताचे ढीग करून ताटभर फिरवतो, एवढी खूण तिला पुरत होती.

समोरच्या दुकानाचं दुखणं शेवटी बरं झालं, कारण १९९३च्या दिवाळीत शालिग्रामने 'चावडी' सुरू केली, आणि चावडीसारखं दुसरं काही अख्ख्या खानदेशात नव्हतं.

ज्यांनी तो प्रकार, म्हणजे टेलिफोनवरचा बोर्ड, पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. दुकानातला एक जुना संगणक त्याने टेलिफोनला जोडून ठेवला होता. गावात ज्याच्या घरी संगणक आणि मोडेम असेल त्याने शालिग्रामचा नंबर फिरवायचा. मोडेम म्हणजे संगणकाचं बोलणं टेलिफोनच्या तारेवर चढवणारी पेटी. दोन्हीकडच्या पेट्या आधी एकमेकींवर किंचाळायच्या, ओळख पटली की गप्प व्हायच्या, आणि काळ्या पडद्यावर चावडी उघडायची. इतरांनी लिहून ठेवलेलं वाचायचं, आपलं लिहायचं, कुणाला खासगी चिठ्ठी टाकायची आणि फोन ठेवायचा. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या पेट्यांना दुसरी अक्षरं कळत नव्हती. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी एंगेज टोन ऐकत बसायचं.

त्यात तो टेलिफोन गल्लीतल्या सात घरांचा पी.पी. नंबर होता, म्हणजे त्यांचे फोनही इथेच यायचे. एकदा धरणगावहून कुणाच्या तरी लेकीने आईसाठी फोन केला, तर कानात किंचाळी घुसली. तिने संध्याकाळच्या गाडीला भाऊ पाठवला, शालिग्रामच्या घरी कुणाला काय झालंय ते बघायला. तेव्हापासून दारावर पाटी लागली: सकाळी आठपर्यंत आणि दुपारी दोन ते पाच चावडी, बाकी वेळ गल्ली.

सगळे मिळून चौतीस लोक यायचे. चौतीस म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्याने स्वतःच्या ओट्यावर रोज चौतीस माणसं जमवून दाखवावीत. शालिग्राम त्यांना नावानिशी ओळखायचा. कोण किती भराभर टंकतो, कोण चहा प्यायला मध्येच उठतो, हे त्याला पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांवरून समजायचं. बोर्ड चालवणाऱ्याला, म्हणजे चालकाला, सगळंच दिसतं, खासगी चिठ्ठ्यासुद्धा. म्हणून त्याने पहिल्या पानावर स्वतःच लिहून ठेवलं होतं: 'खासगी टपाल चालकाला दिसू शकतं. चालक ते उघडत नाही.' कुणी खासगी लिहायला घेतलं की तो पडद्याचं बटण बंद करून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहायचा. यात तो एकदाही चुकला नाही.

बाकी लिखाणाला मात्र तो हात लावायचा. त्याचा इलाज नव्हता. सहा वर्षं त्याने पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पहिल्या आठवड्यात तिथे त्याच्या तोंडून 'हाई काम व्हयेल शे' असं अहिराणीत गेलं, तर 'आहे'ऐवजी 'शे' ऐकून फोरमन पोट धरून हसला, आणि तो महिनाभर 'शे पाटील' म्हणून हाक मारून घेत होता. धरणगावचा हा मुलगा महिनाभरात आकाशवाणीवरच्यासारखं बोलायला शिकला, आणि पुन्हा घरातसुद्धा दुसरं काही बोलला नाही. चावडीवर कुणी वेडंवाकडं, गावठी लिहिलं की त्याची बोटं वळवळायची. फोन ठेवला गेला की तो बसून ते नीट करायचा, फापटपसारा काढायचा. लिहिणाऱ्याला सांगायचा नाही. उपकार सांगून करायचे नसतात, असा त्याचा समज होता. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. एक-दोघांना तर वाटलं, आपण बरं लिहायला लागलो.

पंचाण्णवमध्ये धुळ्याहून सुरेशचंद आला. सरकीपेंडीचे मारवाडी व्यापारी चंपालाल यांचा हा मुलगा. त्याला धुळ्यात असंच काही काढायचं होतं. तीन दिवस राहिला. शालिग्रामने हातचं न राखता शिकवलं, सगळे प्रोग्राम फ्लॉप्यांवर उतरवून दिले. पुष्पाने तीन दिवस कांदा-लसूण न घालता वरण केलं. जाताना सुरेशचंद दोघांच्या पाया पडला. शालिग्राम आठवडाभर हवेत होता. धुळ्यात आपला चेला चावडी काढतोय, हे त्याने चौतीस जणांना चौतीस वेळा ऐकवलं.

सुरेशचंदने त्याच्या बोर्डाचं नाव 'ओटा' ठेवलं. दोघांमध्ये टपालाची व्यवस्था ठरली. जळगावच्या माणसाने धुळ्याच्या माणसाला लिहिलेलं चावडीवर साठायचं, तिकडचं ओट्यावर. पहाटे पावणेसहाला, एसटीडीचा दर चढायच्या आधी, धुळ्याचा संगणक आपणहून जळगावला फोन करायचा आणि दोघं पिशव्या बदलायचे. दीड-दोन मिनिटांचं काम. शालिग्राम बहुधा उठलेला असायचा. ती किंचाळी ऐकली की त्याला बरं वाटायचं. आपल्या मुलाने रोज फोन करून खुशाली कळवावी तसं ते होतं.

पुढच्याच वर्षी पिशवीतून सुरेशचंदची चिठ्ठी आली. ओट्याला आता दोन लाइनी झाल्या होत्या. मोडेमही नवं, शालिग्रामच्या मोडेमच्या सहापट वेगाचं. खाली लिहिलं होतं, 'हे सगळं तुमच्या आशीर्वादाने, शालिग्रामभाऊ.'

शालिग्रामने चिठ्ठी दोनदा वाचली. आपण असा कसलाही आशीर्वाद दिल्याचं त्याला आठवेना.

"दोन लाइनी कशाला?" तो पुष्पाला म्हणाला. "नवरदेवाला दोन घोडे लागतात का?"

"लोक येत असतील, म्हणून घेतल्या असतील," पुष्पा म्हणाली.

"बापाची पेंड विकली जाते, म्हणून घेतल्या."

त्या दिवशी भाताचे चार ढीग झाले. नवरदेवाच्या घोड्यांचं वाक्य त्याला इतकं आवडलं की महिनाभर त्याने ते येईल त्याला ऐकवलं. पण आतून त्याला कुरतडत होतं. ओट्यावर एका वेळी दोघं जातात, दोघं समोरासमोर बोलू शकतात, आणि पुढल्या वर्षी तिथे शंभर जण होतील. चावडीचे चौतीस होते. त्यातला एक बदली होऊन नाशिकला गेला, म्हणजे तेहेतीस.

पण शालिग्रामकडे एक गोष्ट अशी होती की जी धुळ्याला दहा लाइनी घेऊनही मिळाली नसती. त्याच्याकडे आबा होते.

अभिमन देवरे, भुसावळच्या रेल्वेतले निवृत्त तारबाबू. छत्तीस वर्षं तारेच्या कट्-कडकट्‌वर बोटं चालवलेली. दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनिअर असलेल्या मुलाने जुना संगणक बापाला जळगावच्या घरी आणून दिला, वेळ जावा म्हणून. आबांची बायको भागाबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि वेळ काही जात नव्हता. आबा चावडीवर लिहायला लागले. रात्रपाळ्या, मालगाड्या, अपघाताच्या तारा, बारशाच्या तारा, एका स्टेशनमास्तराने बायकोला पाठवलेली चार शब्दांची माफी. नक्कल न ठेवता सरळ लाइनीवर टंकायचे, तार पाठवल्यासारखं. दुपारी दोनला नवा भाग लागला की चावडीचा फोन पाचपर्यंत थंड होत नसे. शालिग्राम सगळीकडे 'माझे आबा' म्हणायचा. आबांचं मूळ गाव अमळनेरकडचं, लिहिणं तसंच गावचं. शालिग्राम ते रोज मन लावून स्वच्छ करायचा. इतर कुणाच्या लिखाणावर त्याने एवढी मेहनत घेतली नव्हती.

एकतिसाव्या भागानंतर आबा थांबले. शालिग्रामने विचारलं, तर म्हणाले, डोळे दुखतात. रोज थोडं खासगी टपाल मात्र लिहायचे, पण ते कुणाला हे शालिग्राम बघत नसे. चावडी ओस पडल्यासारखी झाली. लोक फोन करायचे, आबांचं काही नाही असं बघून दोन मिनिटांत ठेवून द्यायचे.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत चिंधा महाजन दुकानात आला. औषध कंपनीचा माणूस. आठवड्याचे तीन दिवस जळगाव, तीन दिवस धुळे. दोन्हीकडच्या बोर्डांवर त्याची ये-जा. त्याला लेटरहेड छापून हवं होतं. बसल्या बसल्या म्हणाला, "काय लिहिताहेत हो आबा. कालचा भाग वाचून मी लॉजवर जेवलो नाही."

"कालचा?" शालिग्राम म्हणाला.

"ओट्यावर. भागाबाईंचं चाललंय ना. रोज एक येतो. वीस तरी झाले असतील. तुमच्याकडे नाही लावत का?"

"लावतो की," शालिग्राम म्हणाला. लेटरहेडवर त्याने चिंधाचं नाव दोनदा चुकीचं टंकलं. सहा वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाने.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. डोळे दुखतात! धुळ्याला लिहिताना दुखत नाहीत. चावडीवर ज्यांना मी मोठं केलं, ज्यांचा शब्दन्‌शब्द मी घासूनपुसून ठेवला, ते माझ्याच मशीनमधून, माझ्याच पिशवीतून रोज त्या पेंडवाल्याला माल पोचवतात! आणि तो पाया पडणारा दिवटा ते लावतो, एका शब्दाने कळवत नाही! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पुष्पाने पाणी आणून दिलं, तर पाणीही गरम आहे म्हणाला.

पहाटे साडेपाचला तो दुकानात जाऊन बसला. धुळ्याला जायची पिशवी उघडून यादी बघितली. चिठ्ठ्या तीन. पहिल्या दोन कुणाच्या तरी. तिसरी: अभिमन देवरे यांजकडून, सुरेशचंद, ओटा, धुळे यांस. खासगी.

त्याने ती वाचली नाही. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, आणि तो स्वतःलाही तेच सांगत होता. चालक टपाल उघडत नाही. त्याने फक्त ती पिशवीतून काढली आणि पुसून टाकली. पावणेसहाला पेट्या किंचाळल्या आणि धुळ्याला दोनच चिठ्ठ्या गेल्या.

पहिल्या दिवशी पुसायचं बटण दाबायला त्याला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी कमी. पाचव्या दिवसापासून तो हे काम दात घासायच्या आधी उरकायला लागला. हिशेब सरळ होता: धुळ्याहून उत्तर आलं नाही की आबांना वाटेल, पोरगा विसरला, मोठा झाला. मग आबा चावडीवर परत येतील. दुपारी दोनला फोन पुन्हा वाजायला लागेल. त्यात सुरेशचंदचं काय जाणार होतं? त्याच्याकडे दोन लाइनी होत्याच.

दहाव्या दिवशी सुरेशचंदचाच फोन आला, साधा, माणसाच्या आवाजातला. "शालिग्रामभाऊ, आबा बरे आहेत ना? टपाल थांबलंय. लोक विचारून विचारून जीव खातात."

"वय झालंय," शालिग्राम म्हणाला. "कंटाळले असतील."

"तुम्ही एकदा बघून या ना. मी आज निघालोच असतो, पण बाबूजींना ताप आहे."

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला. लोक विचारून विचारून जीव खातात. हे वाक्य मात्र दिवसभर त्याचा जीव खात होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी अकराला आबा स्वतः दुकानात आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत पुष्पासाठी मेथीची जुडी. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"शालिग्राम, धुयाना पोऱ्यावर काही संकट उनं का रे भो?"

"का आबा?"

"तेरा कागद धाडात मी त्याले. एकना बी जबाब नही."

"लाइन खराब असेल."

"लाइन खराब ऱ्हायनी तर तार परत येस," आबा म्हणाले. "गप बठस नही." मग टोपी मांडीवर काढून ठेवली. "तुले एक गोट सांगनी व्हती. राग धरू नको. तू मन्हं लिखेल नीट करस ना?"

आत पुष्पा मेथी निवडायला बसली होती. तिचा हात थांबला.

"पहिले माले वाटे, मन्हंच ध्यान चुकनं. मंग एक दिन भागानं लिखं. मी ड्यूटीवरतीन घर येऊ तवय ती म्हने, 'उनात का तारबाबू? बठ्ठा मुलूखना निरोप लेतस तुम्ही, घरना निरोप कोन लेस?' आनि फुकनीघाई चुल्हावर कट्-कडकट् वाजाडे. मन्ही नक्कल करे. ते बठ्ठं लिखं मी. दुसरा दिन वाचाले बठनू, तर फुकनी नही, चुल्हा नही, आनि तठे कोनी दुसरीच बाई बोली ऱ्हायनी. मास्तरनी बायको ऱ्हास तशी." आबा जरा हसले. "साफ बोलस. चांगली बोलस. पन ती मन्ही भागा नही."

शालिग्रामला तो भाग आठवत होता. त्याने भागाबाईच्या तोंडी घातलं होतं, 'साऱ्या मुलखाचे निरोप पोहोचवता, पण घराकडे कोण पाहणार?' तेव्हा त्याला ते वाक्य झकास वाटलं होतं. फुंकणीचा मजकूर त्याने अनावश्यक म्हणून काढला होता.

"तिना फोटो एकच शे, तोबी लगीनमाना," आबा म्हणाले. "आवाज तर कोठेच नही. म्हनीसन म्हनं, आवाज तरी लिखी ठेवाना. सुरेशचंद हात लावस नही. जसं धाडं तसं लावस. दुकानवर बठीसन शिकेल शे तो, त्याले आपली बोली समजस. तुले वाईट वाटी म्हनीसन तुले सांगं नही."

आपली बोली. त्या मारवाड्याच्या पोराला समजते. शालिग्रामला वाटलं, कुणीतरी पुण्याच्या त्या छापखान्यात नेऊन उभं केलं आहे, पण या वेळी फोरमन वेगळ्याच कारणासाठी हसतो आहे. तरीही, खरं सांगायचं तर, लाज वाटायच्या आधी त्याला पुन्हा हेवाच वाटला.

"त्या तेरा कागदांत काय होतं आबा?" त्याने विचारलं.

"तिना शेवटला तेरा दिन. एक दिनना एक कागद. त्या दिनमा ती काय काय बोलनी ते."

"नक्कल असेल ना?"

"तारबाबू नक्कल घर लई जास नही."

रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. शालिग्रामने समोरच्या पडद्याकडे पाहिलं, मग आबांच्या टोपीकडे. आणखी एक खोटं जिभेवर तयार होतं, मोडेम बिघडल्याचं. ते बाहेर पडलं असतं तर आबांनी विश्वास ठेवला असता, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

"टपाल धुळ्याला गेलंच नाही आबा. मी काढलं. रोज सकाळी. तेराच्या तेरा पुसून टाकले."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. राग दिसेना. मालगाडी येते आहे की नाही हे कान देऊन ऐकावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"वाचात का?"

"नाही. एकही नाही." आणि एवढ्यातही त्याच्या आवाजात जुनी ऐट आली. "खासगी टपाल मी कधी उघडत नाही."

"वाचं ऱ्हातं तर बरं व्हतं," आबा म्हणाले. "कोनी तरी वाचं ऱ्हातं."

आत पुष्पाने पदर डोळ्याला लावला. शालिग्रामला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"छत्तीस वरीस मी लोकस्ना निरोप वाचात," आबा सावकाश बोलत होते. "मयतना, लगीनना, भांडनना. बठ्ठा वाचात. पन दाबा एक बी नही."

"आबा, परत लिहा," शालिग्राम म्हणाला. "तुमच्या पाया पडतो. मी एका अक्षराला हात लावणार नाही. इथेच लिहा, चावडीवर. पहिल्या पानावर लावतो."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. "आजून बी आठेच पायजे तुले," ते म्हणाले. त्यात चीड नव्हती, पण शालिग्रामची मान खाली गेली. "लिखसू मी. जेवढं ध्यानमा ऱ्हायनं तेवढं. पन धुयालेच. तुन्हा मशीनमाईन जाई. तार जास तवलोंग तू तठे बठजो, नीट गई का देखजो."

"मी वाचू का?"

"आते नको. तठे लागनं म्हने तठेच वाच. बठ्ठासंगे."

त्या दिवशी दुपारी दोनला शालिग्रामने धुळ्याला फोन करून सुरेशचंदला सगळं सांगितलं. सुरेशचंदने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा लिहितायत ना परत? मग झालं." तो एक शब्द लागेल असा बोलला असता तर शालिग्रामला त्याचा राग तरी करता आला असता. पोराने तेवढीही सोय ठेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबा लिहायला लागले. दुपारी चारला त्यांचा फोन यायचा. शालिग्राम पडद्याचं बटण बंद करून दुकानाबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभा राहायचा. आत मोडेमवरचा दिवा लुकलुकत राहायचा, कधी भराभर, कधी मध्येच थांबून. एक दिवस दिवा वीस मिनिटं थांबला. शालिग्रामला वाटलं, फोन कट झाला. मग पुन्हा लुकलुकायला लागला. पहाटे तो पिशवीसमोर बसायचा. यादीत नाव असायचं. बोट एका बटणाच्या अंतरावर. उघडावं, एकदाच, कुणाला कळणार आहे. आपल्या हातून धुळ्याला काय जातंय ते आपल्यालाच ठाऊक नाही, आणि उद्या ते पेंडवाल्याच्या ओट्यावर शंभर माणसं वाचणार, याचा त्याला मत्सर वाटायचा. अगदी तोंड कडू व्हायचं. तो दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसायचा. पावणेसहाला पेट्या किंचाळायच्या, चिठ्ठी जायची, तो कागदावर वेळ टिपून ठेवायचा. तारबाबूंच्या पोचवहीत असते तशी.

तेराव्या चिठ्ठीनंतर आबांनी फोन केला नाही. दोन दिवसांनी सुरेशचंदची चिठ्ठी आली: सगळे भाग लागले, आज सकाळपासून वाचता येतील.

शालिग्रामने दुकान अर्धं बंद केलं. पुष्पाने चहा आणून ठेवला आणि तिथेच स्टूलावर बसली. "मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "मलाही ऐकायचंय."

साडेतीन वर्षांत शालिग्राम कुणाच्या बोर्डावर गिऱ्हाईक म्हणून गेला नव्हता. त्याने धुळ्याचा कोड फिरवला, मग ओट्याचा नंबर. एंगेज. दुसरा नंबर फिरवला. तोही एंगेज. पाच मिनिटं थांबून पहिला, मग दुसरा. त्याचे चौतीस-तेहेतीस लोक जसे दुपारी दोननंतर फिरवत बसायचे तसा तो फिरवत बसला. चहावर साय आली. बारा वाजले, मग साडेबारा.

"लागला का?" पुष्पाने विचारलं.

शालिग्रामने रिसीव्हर कानाला धरून ठेवला होता. तो टोन त्याने तिच्याही कानाला लावून दिला.

"दोन लाइनी पुरतस नहीत त्याले," तो म्हणाला.

पुष्पाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या तोंडून ही बोली ती पहिल्यांदाच ऐकत होती. तो मात्र पुन्हा पहिला नंबर फिरवत होता.